एक जूनचा वाढदिवस

आमच्या घरात एक जूनला चौघांचा वाढदिवस असतो. बाबा, दोन्ही काका आणि धाकटी आत्या. अर्थात कागदावरचा. हिंगोलीकडच्या जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यात काहीच नवल वाटणार नाही. गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचे. कान हाताला लागला की पोरगं सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडणार, म्हणून जन्मतारीख एक जून, आणि साल सहानं मागचं. झालं नाव दाखल!

यावर आम्ही आजवर हसतच आलो. पण गेले काही दिवस बाल अत्याचाराच्या खटल्यांचा कायदा कसकसा बदलत गेला ते वाचत होतो, आणि त्या एक जूनकडे बघायची नजरच बदलली. कारण या सगळ्या कायद्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: मूल किती वर्षांचं?

सुरुवात १८६० च्या भारतीय दंडसंहितेपासून. त्यात संमतीवयाची रेषा होती दहा वर्षं. दहाच्या आतल्या मुलीची संमती असली काय, नसली काय, गुन्हा तो गुन्हाच. पण दहा पूर्ण झाली आणि ती लग्नाची बायको असली, की नवऱ्यावर बलात्काराचा आरोपच ठेवता येत नसे. कलकत्त्याची फुलमणी याच फटीत सापडली. ती दहा-अकरा वर्षांची, नवरा पस्तिशीच्या आसपासचा. ती मेली, आणि १८९० मध्ये नवऱ्याला शिक्षा झाली ती निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याबद्दल, एक वर्ष सक्तमजुरी. त्यानंतर १८९१ चा संमतीवयाचा कायदा आला आणि रेषा बारावर गेली. महाराष्ट्रात त्यावरून केवढं रण माजलं ते आपण शाळेत वाचलेलं असतं. सरकारनं धर्मात हात घालू नये हे टिळकांचं म्हणणं, तर रानडे, भांडारकर मंडळी कायद्याच्या बाजूनं. त्याच्या थोडं आधी मुंबईच्या रखमाबाईंचा खटला गाजला होता. अकराव्या वर्षी लागलेलं लग्न मान्य नाही, नवऱ्याकडे जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन, असं त्या म्हणाल्या होत्या.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) यातलं काहीच आमच्या गावाला लागू नव्हतं. हिंगोली निजामाच्या मुलखात. संस्थानाची दंडसंहिता वेगळी, कोर्टाची भाषा उर्दू. १९२९ चा शारदा कायदासुद्धा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. भारतीय दंडसंहिता आपल्याकडे आली १९५१ मध्ये, पोलीस अ‍ॅक्शननंतर अडीच वर्षांनी. आजीचं लग्न त्याच्या कितीतरी आधी झालेलं. तिला वय विचारलं की ती म्हणायची, "रझाकारीत तुझा थोरला काका पोटात होता, धर आता हिशोब." हिशोब धरला की चौदा-पंधरा येतात. लग्न कितव्या वर्षी झालं असेल हा हिशोब मात्र आमच्यापैकी कोणी कधी केला नाही.

आता १९७२ मध्ये या. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. मथुरा नावाची आदिवासी मजूर मुलगी, आईबाप नाहीत. ठाण्यात पोलिसांनीच तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप. संमतीवय तोवर सोळा झालं होतं. डॉक्टरांनी तिचं वय चौदा ते सोळाच्या दरम्यान सांगितलं. म्हणजे ती सोळाच्या आत आहे हे सिद्ध झालं असतं तर संमतीचा प्रश्नच उरला नसता. पण सत्र न्यायालय म्हणालं, तसा समाधानकारक पुरावा नाही. मग सगळी चर्चा संमतीवर गेली. उच्च न्यायालयानं आरोपींना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडून दिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलनं झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. या प्रकरणाबद्दल बोलताना सगळे संमतीबद्दल बोलतात, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र राहून राहून तो न सापडलेला जन्माचा कागद दिसतो.

२०१२ च्या १४ नोव्हेंबरपासून पोक्सो कायदा आला. अठराच्या आतलं प्रत्येक मूल, मुलगा असो की मुलगी. जबाब घेताना पोलीस गणवेशात नकोत, मूल आणि आरोपी समोरासमोर यायला नकोत, खटला शक्यतो वर्षात संपावा, आणि माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हा. नवऱ्याला मिळणारी सूट मात्र दंडसंहितेत पंधरावरच अडकली होती. ती सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये अठरावर नेली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही ती अठराच आहे. आजीच्या काळापासून बघितलं तर केवढा पल्ला!

पण वय सिद्ध करायचं काम अजूनही सरकार पक्षाचंच. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिला आहे. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. हाडं दोन वर्षं इकडेतिकडे सांगतात आणि संशयाचा फायदा आरोपीला जातो. २०२३ मध्ये तमिळनाडूतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शाळा सोडल्याचा दाखला पुरेसा धरला नाही. वय सिद्ध होईना, आरोपी सुटला. त्यात न्यायालयाची चूक आहे असं मला म्हणता येत नाही. अंदाजानं लिहिलेल्या तारखेवर कुणाला दहा-वीस वर्षं तुरुंगात कसं टाकणार? तारीख चुकीची असेल तर मुलीनं स्वतः निवडलेला एखादा विशीतला पोरगाही त्यात अडकू शकतो.

म्हणजे आपला तो कान धरायचा खेळ एवढा साधा नव्हता. शाळेपुरती सोय म्हणून गुरुजींनी लिहिलेली तारीख पुढे एखाद्या मुलीच्या बाजूनं किंवा विरुद्ध साक्ष देते. गुरुजींचा तरी काय दोष, घरात कोणी मुलीचा जन्म लिहूनच ठेवला नव्हता. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबात, फडावर जन्मलेल्या लेकराचं आजही तसंच राहून जाऊ शकतं.

असो. जरा जडच झालं आज. पण घरच्यांना एक सांगायचंय. आपल्याकडे शेतावर किंवा घरी कामाला येणाऱ्या कुटुंबात नवं बाळ आलं की कपडे-खेळणी देतोच आपण. या वेळी त्यांच्याबरोबर ग्रामपंचायतीत जाऊन एकवीस दिवसांच्या आत जन्माची नोंद होतेय ना ते बघा. आणि कुठल्या लेकराबद्दल शंका आली तर १०९८ ला फोन करा, 'आपल्याला काय करायचंय' म्हणू नका.

ता.क. आत्या, तू खरी श्रावणातली ना? आजी तसं म्हणायची. साल आठवत असेल तर कळव.