सोंडेची भट्टी

चंडीगढच्या सेक्टर 10 मधल्या संग्रहालयात गांधार शिल्पांचं दालन आहे. फाळणीनंतर, 1948 साली, लाहोर संग्रहालयाचीही वाटणी झाली: 60 टक्के तिकडे, 40 इकडे. बुद्ध आले, मला हवी असलेली मडकी मात्र गांधारातल्या तक्षशिलेलाच राहिली.

ती पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शलच्या उत्खननातली. हंडी, तिच्यावर नळी फुटलेलं घुमटासारखं झाकण, वाफ धरणारं एका तोटीचं गोल मडकं आणि ते बुडवायला पाण्याचं पसरट भांडं. जुळवलं की दारू गाळायची भट्टी! चारसद्द्याजवळच्या शैखान ढेरीला तर अशी तोटीची मडकी ढिगानं निघाली. पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑल्चिन यांनी 1979 साली त्यावरून विचारलं, की गाळण्याचं माहेर भारतच तर नव्हे? अलेक्झांड्रियाचे किमयागार, मग अरब, मग युरोप ही रुळलेली वंशावळ सर्वांना पाठ आहेच.

ऑल्चिननी पुढे केलेला साक्षीदार म्हणजे एक शब्द. संस्कृतात शुंडा म्हणजे हत्तीची सोंड, आणि शुंडा म्हणजे गुत्ताही. दारूवाला तो शौंडिक. झाकणातून निघणारी लांब नळी पाहिली की दुसरं काय आठवणार? त्यात शुंडिक आणि शौंड हे शब्द पाणिनीच्या सूत्रांत येतात, आणि पाणिनी शलातुरचा, म्हणजे गांधारचाच.

विरोधक म्हणतात, पाणिनी या मडक्यांच्या बराच आधीचा. 'अक्षशौंड' म्हणजे फाशांचा नादी, तिथे कुठली नळी? शिवाय कौटिल्य अर्थशास्त्रात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय, मधु अशी यादी देतो. सगळी पेयं आंबवलेली. हा घाव जोराचा आहे. पण परसातली भट्टी सरकारी वहीत कधी उतरली आहे? मी सोंडेच्याच बाजूचा.

कारण अलेक्झांड्रियाच्या ग्रीक भांड्यात वाफ माथ्यावरच निवते. गांधारची वाफ नळीतून दुसऱ्या मडक्यात जाऊन निवते. गोव्यात फेणी गाळताना वाफेच्या मडक्यावर गार पाणी ओतत राहतात, ती हीच रीत. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. भट्टीही त्यांचीच म्हणणाऱ्यांनी इतिहासकार झियाउद्दीन बरनी वाचावा. अल्लाउद्दीन खिलजीनं दिल्लीत दारूबंदी केली, तेव्हा लोक घरोघर चोरून दारू गाळू लागले. चामड्याच्या पिशव्यांतून, गवताच्या आणि सरपणाच्या भाऱ्यांत लपवून ती शहरात यायची. शेवटी सुलतानानंच सूट दिली: घरात गाळा, घरात प्या, विकू नका, मैफल भरवू नका. वास्को द गामा यायला तेव्हा दोनशे वर्षं होती.

पंजाबात घरी गाळलेल्या दारूला आजही 'घर दी कड्ढी' म्हणतात. गूळ आणि बाभळीची साल भिजवून मडकं उकिरड्यात पुरतात. शेणाच्या उबेनं ते लवकर आंबतं. रूडी म्हणजे उकिरडा, म्हणून हिचं बाजारी नाव 'रूडी मार्का'. भट्टी पेटते ती त्यानंतर.