परवानगीशिवाय लग्न नाही

हवाई बेटांतल्या ओआहूवर, वाइआनाए आणि कोओलाऊ या दोन डोंगररांगांच्या मधल्या पठारावर स्कोफील्ड बॅरक्स ही मोठी लष्करी छावणी आहे. 7 डिसेंबर 1941 च्या सकाळी जपानी विमानांनी पर्ल हार्बरबरोबरच या छावणीला खेटून असलेला व्हीलर विमानतळही भाजून काढला, तेव्हा बराकींतले बरेच शिपाई न्याहारीला बसले होते. त्यांच्यातलाच एक, 27व्या पायदळ पलटणीचा जेम्स जोन्स. त्याची ‘फ्रॉम हिअर टू इटर्निटी’ ही कादंबरी 1951 मध्ये आली, 1953 मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला, त्याला आठ ऑस्कर मिळाले, आणि युद्धाआधीच्या छावणीतली प्रेमप्रकरणं म्हटली की समुद्राच्या लाटांतला सार्जंट आणि कॅप्टनची बायको हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं. त्या चित्रामागे एक समजूत आहे: ही प्रेमं फसली ती माणसांच्या स्वभावापायी, किंवा मध्येच युद्ध उपटलं म्हणून. मला ती पटत नाही. छावणीचे नियम आणि पगाराचे आकडे पाहिले, तर ही प्रेमं फसण्याची तजवीज युद्धाच्या कितीतरी आधी कागदोपत्री झालेली दिसते. शिपायाची निष्ठा कंपनीबाहेर कुठे वाटली जाऊ नये, असा त्यामागचा हिशेब होता.

1939 मध्ये अमेरिकेचं खडं सैन्य जेमतेम 1,90,000 माणसांचं होतं. मंदीच्या तडाख्यात घर सुटलेली, शिक्षण अर्धवट राहिलेली पोरं त्यात स्वखुशीने भरती झालेली. पोटभर जेवण आणि डोक्यावर छप्पर हेच मोठं आमिष. स्कोफील्डच्या चौकोनी, तीनमजली बराकींत शिपाई कंपनीसोबत झोपे, जेवे आणि पगाराच्या दिवशी कंपनीतच जुगारात हरे. हरला की वीस टक्के व्याजाने पैसे देणारा सावकारही बहुधा बराकीतलाच निघे. बढतीचीही तीच गत. फीत शिपायाच्या बाहीवर असली तरी मालकी पलटणीची. दुसरीकडे बदली मागितली तर ती उतरवून पुन्हा साधा शिपाई व्हावं लागे. मुष्टियुद्धात पलटणीचं नाव काढणाऱ्याला कवायतीत सवलत आणि बढतीत झुकतं माप मिळे. असल्या व्यवस्थेत देशनिष्ठा हा शब्द झेंडावंदनापुरता. रोजची निष्ठा आपल्या कंपनीवर, आणि तीही बरीचशी दुसरीकडे जायला वाट नाही म्हणून. तिथल्या मैत्र्या खोट्या होत्या असं मात्र कुणी समजू नये. वर्षानुवर्षं एका खोलीत काढलेली माणसं एकमेकांसाठी तुरुंगवासही पत्करत.

बाईचा प्रश्न इथे येतो. शांततेच्या काळात लष्कर विवाहित माणसाला सहसा भरतीच करून घेत नसे. भरती झालेल्या खालच्या दर्जाच्या शिपायाला लग्नासाठी वरिष्ठांची परवानगी लागे, आणि ती न घेता लग्न केलं तर करार संपल्यावर फेरभरती नाकारली जाण्याची टांगती तलवार. मंदीतली कपात सोडली तर 1922 पासून 1940 पर्यंत साध्या शिपायाचा पगार महिन्याला 21 डॉलर होता; त्यात होनोलुलूत खोली घेऊन संसार थाटणं स्वप्नातलंच. त्यात 1931-32 च्या मॅसी प्रकरणाने नौदल आणि स्थानिक लोक यांच्यात विष कालवलेलं. एका स्थानिक तरुणाच्या सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरलेल्या गोऱ्यांची दहा वर्षांची शिक्षा गव्हर्नरने एका तासावर आणली, हे बेटावर कोण विसरणार? गणवेशातल्या माणसाला घरात घेणारी कुटुंबं थोडी. उरला होनोलुलूतला हॉटेल स्ट्रीट. वेश्याव्यवसाय कायद्याने गुन्हा, पण तिथल्या कुंटणखान्यांतल्या बायकांची पोलिसांकडे ‘मनोरंजन करणाऱ्या’ म्हणून रीतसर नोंद होई. पोलिसांनी त्यांना घातलेले नियम वाचण्यासारखे आहेत: वैकिकीच्या किनाऱ्यावर जायचं नाही, मोटार किंवा घर विकत घ्यायचं नाही, टॅक्सीत पुढच्या सीटवर किंवा मागे पुरुषासोबत बसायचं नाही, आणि सैन्यातल्या कुणाशीही लग्न करायचं नाही. या शेवटच्या नियमापाशी थांबलं पाहिजे. शिपायाच्या बाजूने लष्कराने बंद केलेलं दार पोलिसांनी दुसऱ्या बाजूनेही बंद केलं होतं. शरीरसंबंधाला मुभा, नात्याला मनाई. गुप्तरोग जडून कामावर येता आलं नाही, तर तेवढ्या दिवसांचा पगारही कापला जाई.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की लष्कराने हे मुद्दाम केलं नाही. संसदेने पैसे दिले नाहीत, मग हजारो कुटुंबांना घरं कुठून द्यायची? गरिबीचा मुद्दा खोटा नाही. पण त्याच छावणीत अधिकाऱ्यांच्या बायकापोरांसाठी घरं होती. शिवाय चणचण एवढंच कारण असतं, तर स्वतःच्या जबाबदारीवर लग्न करणाऱ्याला सोडून देता आलं असतं. फेरभरती नाकारायची काय गरज होती? आपल्याकडे पुणे-खडकीच्या गोऱ्या पलटणींतही हीच रीत होती. मोजक्या बायकांचीच पलटणीच्या पटावर नोंद होई आणि त्यांनाच राहायला जागा मिळे, बाकीच्यांसाठी 1864 च्या छावणी कायद्याच्या आधाराने लाल बाजारावर, म्हणजे छावणीतल्या वेश्यावस्तीवर, देखरेख. साम्राज्य श्रीमंत असतानाही ही रीत टिकली, तेव्हा सगळा दोष तिजोरीला देता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. घरदार नसलेल्या याच माणसांनी पुढे ग्वाडलकनाल बेटावर जपान्यांशी झुंज दिली. मग बिनसंसारी शिपाईच चांगला लढतो, हे लष्कराचं गणित बरोबर ठरलं नाही का? याचं उत्तर त्याच छावणीत मिळतं. हवाईच्या राखीव दलाच्या 298व्या आणि 299व्या पलटणी ऑक्टोबर 1940 पासून पूर्णवेळ सेवेत होत्या आणि स्कोफील्डमध्ये तयार होत होत्या. 1 ऑक्टोबर 1941 रोजी हवाईयन डिव्हिजन फोडून 24वी आणि 25वी डिव्हिजन उभी राहिली, तेव्हा या पलटणींना एकेकीत जागा मिळाली. त्यांच्यात हवाई बेटांवरच जन्मलेले जपानी वंशाचे तरुण मोठ्या संख्येने होते. आईबाप, मळे, देवळं, सगळं काही तासांच्या अंतरावर. कंपनीबाहेरची नाती कुणाची घट्ट असतील तर यांचीच. हल्ल्यानंतर संशय आला तोही नेमका त्या नात्यांवर. जून 1942 मध्ये अशा चौदाशेंहून जास्त शिपायांना पलटणींतून वेगळं काढून मुख्य भूमीवर पाठवलं. त्यांची 100वी पायदळ बटालियन सप्टेंबर 1943 मध्ये इटलीत उतरली आणि इतकी घायाळ झाली, की जखमींना मिळणाऱ्या पदकावरून तिला ‘पर्पल हार्ट बटालियन’ म्हणू लागले. घरची ओढ निष्ठेला पोखरते, हे गृहीतकच या बटालियनने खोटं पाडलं. ग्वाडलकनालचे शिपाई लढले ते कंपनीसाठी, हे मान्य. पण ती जवळीक एकत्र राहण्यातून आली होती, ब्रह्मचर्यातून नव्हे.

लष्करालाही हे फार काळ नाकारता आलं नाही. लाखो विवाहित पुरुष लागणार हे दिसताच परवानगीची भाषा मागे पडली, आणि जून 1942 मध्ये आश्रितांच्या भत्त्याचा कायदा झाला. शिपायाच्या पत्नीला महिना 50 डॉलर मिळू लागले. त्यातले 28 सरकारचे आणि 22 नवऱ्याच्या पगारातून वळते केलेले. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्या शिपायाला लग्न परवडत नाही असं सांगितलं जाई, त्याच्या तेव्हाच्या सबंध पगाराहून एक डॉलर जास्त आता नुसता बायकोसाठी कापला जात होता.