फुलहॅम ते केडगाव : पंडिता रमाबाईंचा ख्रिस्तशोध

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची चर्चा मराठीत बहुधा एकाच तारखेभोवती फिरत राहिली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तेथेच त्यांचा शोध संपला, असे समर्थकांनी व टीकाकारांनी सारखेच गृहीत धरले. १९०७ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आत्मनिवेदन मात्र निराळे सांगते. बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म लाभला. ख्रिस्त लाभला तो आठएक वर्षांनंतर, असा त्याचा आशय आहे.

कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यात, गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली रमाबाई जन्मल्या. अनंतशास्त्री डोंगऱ्यांचे हे कुटुंब तीर्थाटनातच जगले. १८७४ साली दक्षिणेतील दुष्काळात आईवडील पाठोपाठ गेले. चार वर्षांनी कलकत्त्याने या मुलीस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. विद्या आणि भूक या दोहोंशी त्यांचा परिचय असा आरंभापासूनचा होता.

लंडनच्या फुलहॅम भागात वाँटेजच्या भगिनींचे एक सेवागृह होते. समाजाने ‘पतित’ ठरविलेल्या स्त्रियांची तेथे मायेने शुश्रूषा होताना रमाबाईंनी पाहिली. असे का करता, या त्यांच्या प्रश्नावर एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. सेवा आधी दिसली, शास्त्र मागाहून आले. बुद्धीचे समाधान मात्र झाले नव्हते. त्रैक्य व ख्रिस्ताचे ईश्वरत्व यांवरून त्या भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून निर्भीडपणे वाद घालीत राहिल्या.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. रमाबाईंच्या प्रार्थनेस मुली बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, या भरवशावर मुली पाठविणाऱ्यांची ती व्यथा खोटी म्हणता येणार नाही. रमाबाईंनाही आपली श्रद्धा दाराआड लपविणे मान्य नव्हते. हा पेच दोन्ही बाजूंनी खरा होता.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेने खंगलेल्या मुलींमध्ये त्यांना आपलेच बालपण दिसले. त्या मुलींना घेऊन त्या परतल्या आणि केडगावचे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतील मुलीही तेथे आल्या. शेती, विणकाम, छपाई, अंधांसाठी शिक्षण असा तेथील व्याप वाढत गेला. निजामाच्या राज्यातील गुलबर्ग्यास शाळा निघाली. तिची धुरा कन्या मनोरमाबाईंनी वाहिली. केडगावातच ‘कृपा सदन’ झाले, फुलहॅमच्या घरासारखे. एकेकाळी जे पाहून त्या थांबल्या, तेच आता त्यांच्या हातून घडत होते.

पुनरुत्थित प्रभूची ओळख थोमाला जखमांवरून पटली, असे शुभवर्तमान सांगते. रमाबाईंची वाटही तशीच होती. वादात जो निसटत होता, तो त्यांना पीडितांच्या सहवासात जवळचा झाला. मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचे कामही त्या याच मुलींच्या गोतावळ्यात, अखेरपर्यंत करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. त्यांच्या श्रद्धेशी आपले मतैक्य असो वा नसो, तिचे मोजमाप वाँटेजच्या एका दिवसावरून करणे अपुरे ठरेल. ते केडगावच्या पंचवीस वर्षांवरून करावे लागेल.