याचे मार्क मिळतात का?

आमच्या फोंडाघाटात पोरगं वक्तृत्वात नाहीतर गॅदरिंगच्या नाटकात उतरलं, की घरचे हमखास विचारतात, "याचे मार्क मिळतात का?" अशा वेळी मला १८४८ साल आठवते. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' काढली. निबंध वाचायचे आणि त्यावर वाद घालायचा, एवढेच काम. पण स्त्रीशिक्षणावर नुसते बोलून त्यांचे भागेना. १८४९ मध्ये त्यांनी मुलींच्या शाळाच काढल्या आणि सकाळच्या वेळी स्वतः विनावेतन शिकवले. दादाभाई नौरोजी त्यांच्यातलेच. जगन्नाथ शंकरशेट यांनी शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. त्या पोरांना मार्क मिळाले नाहीत. मुलींना मात्र अक्षरे मिळाली.