नवी विद्या आणि राळेगावचा विद्यार्थी

नवी विद्या प्रथम मोजक्यांच्याच दारी उतरते. इतरांना आपला वाटा मागून घ्यावा लागतो. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुले यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते. शेतकऱ्यांच्या श्रमातून सरकारी खजिना भरावा, तो वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर वेचला जावा, आणि शेतकऱ्यांची मुले मात्र प्राथमिक शाळेवाचून राहावीत, हा अन्याय त्यांना असह्य झाला.

संगणकविद्येचा इतिहासही याहून निराळा नाही. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांना संगणक देण्यास आरंभ केला, तेव्हा साऱ्या देशातून सुमारे २५० शाळांची निवड झाली. यंत्रे विलायती, आणि त्यांना द्यावयाच्या आज्ञाही इंग्रजीत.

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव हा कापूस पिकविणारा तालुका. येथील कोलाम व गोंड वस्त्यांत मुलाची घरची बोली आणि शाळेतील मराठी यांतही अंतर असू शकते. तेथे नुसते यंत्र पाठविल्याने समता कशी साधावी?

वस्तुतः या विद्येचे मूळ यंत्रात नसून रीतसर विचारात आहे. कापसाची आठ गाठोडी घ्यावीत. तराजूत दोन गाठोडी तोलून हलके बाजूस सारावे, जड ठेवून त्याच्यासमोर पुढचे घालावे. सात तोलांत सर्वांत जड गाठोडे हाती येते. संगणकही याच रीतीने चालतो. २०१६ साली सुरू झालेल्या ‘सीएसपाठशाला’ या उपक्रमाने असे यंत्रावाचूनचे धडे शाळांत नेले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यात आज्ञावली-लेखनास स्थान दिले.

तथापि गाठोड्यांवर विचार शिकलेल्या मुलास पुढे यंत्र आणि जाणता शिक्षक लाभला नाही, तर १८८२ चे गाऱ्हाणे तसेच उभे राहील.