कळंबहून पुढे नेलेला रुग्ण

धाराशिव जिल्ह्यातले, मांजरेच्या काठावरचे कळंब निजामाच्या राज्यातही तालुक्याचे गाव होते आणि आजही आहे. तालुक्याचे गाव म्हणजे कचेरी, बाजार, ठाणे आणि दवाखाना. यातल्या पहिल्या तीन गोष्टींसाठी कळंबच्या माणसाला सहसा गाव सोडावे लागले नाही. दुखणे साधे असले तर दवाखान्यासाठीही लागले नाही. पण बाळंतपण अडले, आतडे पिळले, छातीत कळ आली की रुग्णाला पुढे न्यायचे, हा या भागाचा जुना रिवाज आहे. बार्शी, मिरज, सोलापूर, अंबाजोगाई, लातूर अशी ठिकाणे बदलत गेली, रिवाज तसाच राहिला. आरोग्यसेवा सरकारी असावी की खासगी, हा वाद आपण बहुधा मुंबई-पुण्यात बसून करतो. तोच वाद या वाटेवरून पाहिला तर मला एक गोष्ट ठळक दिसते. सरकारने आपली ताकद केंद्राच्या गावी साठवली, खासगी वैद्यक त्याच गावांच्या मागे गेले आणि आजच्या विमा योजनाही त्याच वाटेवर पैसा ओतत आहेत. तालुक्याच्या रुग्णालयात माणसे भरल्याशिवाय यापैकी कोणतीच पद्धत कळंबच्या रुग्णाला पुरी पडणार नाही.

सुरुवात निजामापासून करावी लागते, कारण मराठवाड्याची सार्वजनिक आरोग्यसेवा मुंबई इलाख्याची धाकटी बहीण नाही. तिचे घराणे वेगळे आहे. हैदराबादेत 1846 मध्ये वैद्यकीय शाळा निघाली. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजनंतर जेमतेम वर्षभराने. क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे की नाही याची तपासणी करणारे आयोग 1888 आणि 1889 मध्ये त्याच शहरात बसले. रोनाल्ड रॉस यांना 1897 मध्ये मलेरियाच्या प्रसाराचा धागा सापडला तो शेजारच्या सिकंदराबादेत. युनानी वैद्यकालाही दरबाराने आश्रय दिला आणि 1925 मध्ये मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली. म्हणजे रयतेच्या औषधपाण्याचा खर्च राज्याने करायचा, ही कल्पना या मुलखाला परकी नव्हती. दोष वाटणीत होता. राजधानीला उस्मानिया आणि मराठवाड्याच्या तालुक्यांना तुटपुंजे दवाखाने. ज्यांच्या महसुलावर ती इमारत उभी राहिली त्यांच्यापासून ती शेकडो मैल दूर होती.

म्हणून माणसे पश्चिमेकडे वळली. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, 1911 मध्ये लातूरला पोचली आणि 1927 मध्ये तिचे दुसरे टोक मिरजेला भिडले. ही गाडी कळंब गावात कधी आली नाही. गावाच्या वाट्याला ‘कळंब रोड’ नावाचे दूरचे स्टेशन तेवढे आले. पण त्या रुळांच्या दुसऱ्या टोकाला विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये उभारलेले मिशनचे रुग्णालय होते. मिरजेने शस्त्रक्रियेच्या जोरावर नाव कमावले आणि निजामाच्या हद्दीतले रुग्णही तिकडे जाऊ लागले. मिरजेचे हे रुग्णालय सरकारी नव्हते आणि नफ्यासाठीही चालत नव्हते. सरकारी आणि खासगी या दोनच रकान्यांत सगळे बसवू पाहणाऱ्यांनी हा तिसरा रकाना विसरू नये. मात्र त्याचा लाभ ज्याला गाडीभाडे परवडेल, सोबत माणूस नेता येईल आणि वाटेत जीव टिकेल, त्यालाच होता.

हैदराबाद मुक्तीच्या दोनच वर्षे आधी, 1946 मध्ये, भोर समितीचा अहवाल आला. पैशाअभावी कोणाचेही उपचार अडू नयेत हे तत्त्व आणि पहिल्या टप्प्यात 40,000 लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा हिशेब त्यात होता. त्यानंतर मराठवाड्यात सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. 1956 मध्ये औरंगाबादचे वैद्यकीय महाविद्यालय आले. 1962 मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभार त्यांच्याकडे गेला. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघाले. मोठ्या शहराचा आधार न घेता वैद्यकीय महाविद्यालय काढणे हा त्या काळी धाडसी निर्णय होता. कळंबच्या रुग्णाला त्यामुळे मिरजेऐवजी शेजारच्याच तालुक्यात शल्यचिकित्सक मिळू लागला. सरकारी पैसा केंद्रातून बाहेर नेता येतो याचा याहून जवळचा पुरावा शोधण्याची गरज नाही. पुढे तालुक्यांना ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये मिळाली; कळंबलाही उपजिल्हा रुग्णालय आहे. पण इमारत एका अर्थसंकल्पात उभी राहते, भूलतज्ज्ञ मात्र दर महिन्याला लागतो. तो नसेल तर शस्त्रक्रियागृहाला कुलूप, आणि कुलूप असले की स्त्रीरोगतज्ज्ञ असूनही सिझेरियन होत नाही. रुग्ण पुन्हा गाडीत.

ही पोकळी खासगी डॉक्टरांनी भरली, आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. रात्री-अपरात्री दार उघडणारा तालुक्यातला डॉक्टर, मग तो आयुर्वेदाचा पदवीधर का असेना, लोकांना जवळचा वाटला. पण ज्या उपचारांना यंत्रे आणि तज्ज्ञ लागतात ते खासगी वैद्यक कळंबला थांबले नाही. जिथे गिऱ्हाईक दाट तिथे, म्हणजे लातूर, बार्शी, सोलापूरला त्याने मुक्काम केला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75व्या फेरीनुसार, 2017-18 मध्ये बाळंतपण सोडून एका वेळच्या रुग्णालय-भरतीचा देशातला सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात 4,452 रुपये, तर खासगीत 31,845 रुपये होता. हा फरक शेतमजुराच्या घरात कसा भरून निघतो हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले. 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाण्याची, शौचालयाची सोय नसलेल्या फडावर जंतुसंसर्ग व्हायचा, कामाचा खाडा परवडायचा नाही आणि गावी दवाखान्यात स्त्री डॉक्टर नसायची. मग खासगी रुग्णालयात कर्करोगाची भीती घातली जायची आणि बिलासाठी मुकादमाची उचल घेतली जायची. उपचारासाठी काढलेले कर्ज फेडायला तीच बाई पुन्हा कोयता घेऊन निघायची. यात सगळे खासगी डॉक्टर दोषी नाहीत. पण रुग्णाला दुसरे मत घ्यायला जागाच नसते तिथे बाजारातली निवड ही गोष्ट उरत नाही, आणि दुसऱ्या मताची ती जागा सरकारी दवाखान्यानेच पुरवायला हवी होती.

यावर राज्याने काढलेला तोडगा विम्याचा. राजीव गांधी जीवनदायी योजना 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर गेली आणि नंतर तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. दीड लाखांचे संरक्षण 2024 मध्ये पाच लाखांवर गेले आणि सर्व रेशनकार्डांना खुले झाले. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, कर्करोगाच्या मोठ्या खर्चातून या योजनेने असंख्य कुटुंबे वाचवली, हे मी मनापासून मानतो. तरीही विमा रुग्णालय उभारत नाही. असलेल्या रुग्णालयाचे बिल भरतो. योजनेचा पैसा रुग्णाच्या मागे जातो असे म्हणतात, पण रुग्ण लातूरला गेला तर तो पैसाही लातूरला जातो. कळंबच्या रुग्णालयात रिकामे असलेले पद त्याने भरत नाही. शिवाय मधुमेहाची रोजची गोळी, रक्तदाब, लहान मुलाचा ताप या रुग्णालयात भरती न होता होणाऱ्या खर्चाला योजनेचा हात पोचत नाही, आणि घरे हळूहळू पोखरली जातात ती याच खर्चाने.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही: सरकारी रुग्णालयांना आणखी पैसा देऊन काय होणार? नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 2023 च्या ऑक्टोबरच्या तोंडावर 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बाळे होती. औषधटंचाईची, मनुष्यबळाची चर्चा तेव्हा उच्च न्यायालयापर्यंत गेली. पण खासगीतून शेवटच्या घटकेला हलवलेले अत्यवस्थ रुग्णही तिथे होते, असे रुग्णालयाने सांगितले होते. भोवतालच्या तालुक्यांत बाळाला उबेत ठेवण्याची, श्वास देण्याची खात्रीची सोय असेल तर एकाच वॉर्डावर इतका भार पडणार नाही. औषधांच्या बाबतीत तमिळनाडूने 1995 पासून स्वतंत्र महामंडळामार्फत खरेदी करून गोदामातला साठा केंद्रांच्या मागणीशी जोडला आहे. महाराष्ट्राने 2023 मध्ये खरेदी प्राधिकरण नेमले, म्हणजे जवळजवळ तीन दशकांनंतर. सरकारी यंत्रणा मुळातच कुचकामी असती तर तमिळनाडूतही तेच घडले असते.

दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: तालुक्याला कोणी यायला तयार नाही. तो निम्माच खरा आहे. धाराशिव जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे 1970 मध्ये आले, राहिले आणि गावातल्या बायकांना आरोग्यसेविका बनवून त्यांनी काम उभे केले. अशी निष्ठा सगळ्यांकडून मागता येणार नाही, मागूही नये. पण नेमणुका करता येतात. धाराशिवचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2022 मध्ये सुरू झाले. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करण्याचे बंधन आधीच लागू आहे. आसपासच्या महाविद्यालयांतले भूलशास्त्राचे, बालरोगाचे, स्त्रीरोगाचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक आळीपाळीने कळंबसारख्या उपजिल्हा रुग्णालयात बसवले तर पद कागदावर रिकामे असले तरी टेबल रिकामे राहणार नाही. एका एकट्या तज्ज्ञाला तालुक्याला पाठवून तो टिकत नाही म्हणून तक्रार करण्यापेक्षा चौघांचे पथक पाठवावे. एकटेपणामुळेही माणसे नोकरी सोडतात.

आणि खासगीचे काय? त्याला हद्दपार करावे असे मी म्हणत नाही. त्याचे दर आणि नोंदी उघड हव्यात. दरनियंत्रण अशक्य आहे, ही सबब कोविडने संपवली: मे 2020 मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटा नियंत्रित दराखाली आणल्या आणि साध्या वॉर्डसाठी दिवसाला 4,000, अतिदक्षता विभागासाठी 7,500, व्हेंटिलेटरसाठी 9,000 रुपये अशी मर्यादा घातली. अंमलबजावणीत गळती झाली, पण लेखापरीक्षक नेमल्यावर जादा आकारलेली रक्कम परत मिळाल्याचीही उदाहरणे आहेत. शुश्रूषागृह नोंदणीचा कायदा 1949 चा आहे. त्याच्या 2021 च्या नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक झाले. ते तालुक्याच्या प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर आहे की नाही हे पाहणारा अधिकारी हवा आणि त्याचा अहवाल ग्रामसभेत वाचला जायला हवा. योजनेखाली काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखीव ठेवण्याची पद्धत आहेच. त्या उपचारांची भरपाई त्या त्या तालुका रुग्णालयाच्या खात्यात राहून तिथल्याच परिचारिका आणि यंत्रांवर खर्च व्हावी, म्हणजे रुग्ण टिकवण्यात रुग्णालयाचाही फायदा असेल. पैसा कुठून आणायचा, असे विचारणाऱ्यांना 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाकडे बोट दाखवावे लागेल: 2025 पर्यंत आरोग्यावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्के सरकारी खर्च, असे वचन त्यात होते. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता. तो वाढेल तेव्हा पहिला हप्ता कोणत्या गावाला जाईल, हे मुंबईच्या मंत्रालयात ठरेल. तिथे कळंबची बाजू मांडायची तर जिल्हा परिषदेने, आमदारांनी आणि तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने मिळून भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रक्तसाठवण केंद्र या तीन मागण्या एकाच कागदावर लिहून द्याव्यात आणि त्यासोबत गेल्या वर्षभरात पुढे पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचे कारण जोडावे.