भूपरीक्षेची कुळकथा

इमारतीचा भार अखेरीस ज्या भूमीवर पडावयाचा, तिची योग्यता पाया घालण्यापूर्वीच अजमावून घ्यावी, हा विचार फार प्राचीन असून त्याचा सुस्पष्ट दाखला सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सापडतो. नियोजित घराच्या मध्यभागी हातभर खड्डा खणावा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरावी. माती उरली तर भूमी उत्तम, पुरेपूर झाली तर मध्यम, अपुरी पडली तर अनिष्ट, असा त्याचा दंडक आहे. दुसऱ्या परीक्षेत तोच खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जाऊन परतावयाचे, आणि तेवढ्या अवधीत पाणी घटले नाही तर भूमी प्रशस्त मानावयाची. मातीचे रंग आणि वर्ण यांची त्या काळी घातलेली सांगड आज कोणी ग्राह्य धरणार नाही. परंतु या खड्ड्याच्या परीक्षेत खरे मर्म आहे. घट्ट बसलेली माती उकरली की फुलते आणि म्हणून उरते. सच्छिद्र, भुसभुशीत माती भरताना दबते आणि कमी पडते. कोणत्याही यंत्रावाचून केलेली ती घनतेचीच परीक्षा होती.

तिची मर्यादा एवढीच की ती हातभर खोलीपलीकडे पोहोचत नव्हती. आणि इमारत जितकी रुंद व अवजड, तितका तिचा दाब भूमीत खोलवर जातो. इटलीतील पिसा येथील मनोऱ्याचे काम 1173 साली सुरू झाले, आणि तिसऱ्या मजल्यानंतर ते जवळजवळ शतकभर खोळंबले. त्या अवधीत खालच्या चिकणमातीतील पाणी दाबाने हळूहळू निघून जाऊन ती बळकट झाली. काम अखंड चालले असते तर मनोरा तेव्हाच कोसळला असता, असा आधुनिक तज्ज्ञांचा निर्वाळा आहे. कॅनडातील ट्रान्सकोना येथील प्रचंड धान्यकोठाराची हकिकत याहून बोधप्रद आहे. तेथे पायाच्या पातळीवर भार ठेवून भूमीची खातरजमा करून घेतलेली होती. परंतु वरच्या टणक थराखाली मऊ चिकणमाती दडलेली होती, तिचा पत्ता त्या परीक्षेला लागला नाही. ऑक्टोबर 1913 मध्ये कोठारात गहू भरला जात असताना अवघी इमारत खचून सुमारे 27 अंशांनी कलली.

खोलीचा ठाव घेण्यासाठी पाण्याच्या झोताने भोके पाडण्याची रीत पूर्वीपासून होती. परंतु पाण्याबरोबर वर येणाऱ्या गढूळ राड्यावरून मूळच्या थराचा घट्टपणा कळत नसे. बोस्टनच्या चार्ल्स गाउ यांनी 1902 च्या सुमारास तळाशी नळी ठोकून नमुना काढण्याचा प्रघात पाडला, आणि त्यातूनच आजची प्रमाणित ठोक-चाचणी उत्पन्न झाली. 63.5 किलोग्रॅमचा घण 75 सेंटिमीटरांवरून पाडावा, नळीचा पहिला 15 सेंटिमीटरांचा प्रवेश हिशेबात धरू नये, आणि पुढचे 30 सेंटिमीटर शिरण्यास लागलेले ठोके मोजावेत, अशी तिची रीत आहे. तिकडे कॉन्स्टँटिनोपल येथे अध्यापन करीत असलेल्या कार्ल तेर्झागी यांनी 1925 साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चिकणमातीतून पाणी निघून जाण्याच्या क्रियेला गणिताची बैठक दिली. तेव्हापासून इमारत किती खचेल याबरोबरच ती किती काळात खचेल, याचेही अनुमान शास्त्राच्या कक्षेत आले.

आपल्या दख्खनला या विद्येची विशेष निकड आहे. येथील काळी माती उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी टणक होते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. म्हणून एकाच ऋतूत घेतलेली तिची परीक्षा सहज फसवू शकते. काळ्या मातीखाली मुरूम, आणि त्याखाली कातळ, हा क्रम सर्वपरिचित असला तरी प्रत्येक थराची जाडी हाकेच्या अंतरावरही बदलते. अशा स्थितीत शेजारच्या भूखंडावरील बोअरच्या नोंदी आपल्यालाही लागू धरणे, अथवा भूपरीक्षेचा अहवाल केवळ परवानगीच्या दप्तरात जोडावयाचा कागद समजणे, हा शुद्ध अविचार होय. वराहमिहिराने खड्डा सांगितला तो ज्या जागी घर उभे राहावयाचे तेथेच, आणि बांधकामाचा निर्णय त्या खड्ड्याच्या निकालावर सोपवला. साधने कितीही सुधारली तरी परीक्षेचा हा क्रम ज्याने पाळला नाही, त्याने भूमीची परीक्षा केली असे म्हणता येत नाही.